पतसंस्थेत अपहार : शिक्षा नेमकी किती, आणि ठेवी परत मिळतात का?

बेदाणा_तासगाव
आमच्या गावच्या पतसंस्थेत अपहार झाल्याचं चाचणी लेखापरीक्षणात उघड झालंय. व्यवस्थापकाला अटक झाली. चेअरमन म्हणतात, मी फक्त सह्या करत होतो. ठेवीदार म्हणजे द्राक्षबागायतदार, निवृत्त शिक्षक, डेअरीला दूध घालणाऱ्या बायका. माझ्या आईची बेदाण्याच्या पट्टीची रक्कम तिथंच मुदत ठेवीत आहे.

आठवडी बाजारात पाकीट मारताना कोण सापडला तर लोक त्याला पोलीस येईपर्यंत सोडत नाहीत. इथं आख्ख्या गावाची पुंजी गेली आणि 'दोन महिन्यांत साहेब बाहेर येतील' असं लोक आत्ताच बोलायला लागलेत. मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कायद्यात याला शिक्षा किती? प्रत्यक्षात किती होते? आणि आमचे पैसे कोणत्या वाटेनं परत येतात?

माझं मत स्पष्ट आहे. अशा माणसाला जन्मठेपच पाहिजे.

वाळव्याचा_पैलवान
जन्मठेप कुठली दादा. आमच्याकडं २०१९ ला इस्लामपुरात कडकनाथ कोंबड्या पाळायच्या गुंतवणूक योजनेतल्या फसवणुकीचं प्रकरण झालं, किती जणांचे पैसे अडकले बघा. लोकांनी शेड मारली, कर्जं काढली. लई वाईट दिवस होते.

वकील_मिरज
बेदाणा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण यात गैरसमज फार आहेत.

आधी अपहार कधी झाला ते बघा. १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर जुनी भारतीय दंड संहिता, त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. गुन्हा आज दाखल झाला तरी कृत्य २०२१ चं असेल तर कलम जुनंच लागतं.

जुन्या कायद्यात साधा विश्वासघात म्हणजे कलम ४०६, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. नव्यात तो ३१६(२) झाला आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत वाढली. नोकरानं किंवा कारकुनानं मालकाचा पैसा खाल्ला तर जुनं ४०८, नवं ३१६(४), दोन्हीकडं ७ वर्षांपर्यंत. लोकसेवक, बँकर, व्यापारी, एजंट यांच्यासाठी ४०९, नव्यात ३१६(५). यात जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कारावास आणि वर दंड. त्यामुळं तुम्ही मागताय ती जन्मठेप पुस्तकात आहे. खोट्या नोंदींसाठी ४७७-अ, म्हणजे नवं ३४४, वेगळं लागतं. त्यालाही ७ वर्षांपर्यंत.

आता दुसरा प्रश्न. ४०९ चा खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं, आणि त्यांना ३ वर्षांपेक्षा जास्त कारावास देण्याचा अधिकारच नाही. जास्त शिक्षा द्यावी असं वाटलं तर त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडं पाठवावं लागतं, आणि त्यांची मर्यादा ७ वर्षं. कलमात जन्मठेप आणि निकालात ३ वर्षं, हे असं घडतं. फिर्यादीला हे कोणी सांगत नाही.

बेदाणा_तासगाव
वकीलसाहेब, हे तर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मग मोठी शिक्षा होतच नाही का?

ताळेबंद
होते की. तेलगीला बनावट मुद्रांक प्रकरणात २००६ मध्ये ३० वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो वारला. सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूनं ७ जानेवारी २००९ ला पत्र लिहून हिशेब फुगवल्याचं स्वतः कबूल केलं होतं. त्याला एप्रिल २०१५ मध्ये ७ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन जामीन मिळाला. आपल्या राज्यातलं बघायचं तर नागपूर जिल्हा बँकेचं रोखे प्रकरण, म्हणजे सरकारी रोख्यांच्या खरेदीतला घोटाळा, २००२ चं. निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना ५ वर्षं आणि साडेबारा लाख रुपये दंड, आमदारकी गेली, जानेवारीत उच्च न्यायालयातून जामीन.

२००२ आणि २०२३. मधल्या काळात किती ठेवीदार गेले असतील? मला ५ वर्षं की १० वर्षं यापेक्षा ही २१ वर्षं जास्त छळतात.

वाळव्याचा_पैलवान
+१ ताळेबंद. तारीख पे तारीख.

सुनंदा_कराड
मी शिक्षेच्या चर्चेत थोडी वेगळी बाजू मांडते. शिक्षेनं आमच्या घरात काय येतं? ऊस कारखान्याला गेला आणि बांधावर पाचट राहिलं, तशी ठेवीदाराची गत होते. आरोपी आत असो की बाहेर, पावती कपाटात नुसती पडून.

कराडकरांना फरक माहीत आहे म्हणून सांगते. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. पण ती बँक होती, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण होतं, म्हणून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला आधार होता. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्येच १ लाखावरून ५ लाख झाली होती. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. बोर्डावर 'सहकारी' लिहिलं की आपले लोक दोन्ही एकच समजतात आणि पाव-अर्धा टक्का जास्त व्याजासाठी तिकडं जातात.

बेदाणा_तासगाव
सुनंदाताई, आमच्या आईनं जास्त व्याजासाठी ठेवले नव्हते. संस्था घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिथला कारकून फॉर्म भरून देतो. तालुक्याच्या बँकेत गेलं की 'पुढच्या खिडकीवर जा' ऐकून तिला परत यावं लागतं.

सुनंदा_कराड
खरं आहे तुमचं. माझा रोख आईंवर नव्हता. हाच विश्वास मोडला म्हणून तर राग येतो.

सोसायटीवाले_आण्णा
मी सातारा जिल्ह्यातल्या एका विकास सोसायटीत सचिव होतो. आता निवृत्त आहे. अपहार आतून कसा होतो ते लिहितो, म्हणजे पुढं कुणाच्या नजरेत येईल.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे हातशिल्लक. कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, संध्याकाळी रोख शिल्लक लिहिली जाते. तिजोरीत त्यातली निम्मी नसते, पण कीर्द जुळलेली असते. ३१ मार्चला कुठल्यातरी व्यापाऱ्याकडून एका रात्रीसाठी रोख आणून तिजोरी भरायची, तपासणी झाली की सकाळी परत. म्हणून लेखापरीक्षक वर्षाच्या मध्ये, न सांगता आला पाहिजे.

दुसरी जागा ठेवतारण कर्ज. ठेवीदाराची पावती संस्थेतच 'सुरक्षित' ठेवलेली असते. तिच्यावर त्याच्याच नावानं कर्ज निघतं आणि त्याला पत्ता नसतो. सही जुळती असते, कारण नमुना सही फाइलला लावलेली. मुदत संपल्यावर म्हातारा पैसे मागायला येतो तेव्हा कळतं की आपल्यावर कर्ज आहे.

तिसरी सोनेतारण. संस्थेचा सराफ दाखला देतो की पाटल्या बावीस कॅरेटच्या आहेत. लिलावाच्या वेळी फोडल्या की आत तांबं. यात सराफ, व्यवस्थापक आणि कर्जदार तिघं सामील असल्याशिवाय हे होत नाही. गुन्हा दाखल होताना सराफाचं नाव वगळलं जात नाही ना, ते बघा.

आणि पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती छोटी ठेव. एजंट कार्डावर ५०० लिहितो, मशीनला ३०० मारतो. भाजीवाल्या बाईला मशीनची पावती वाचता येत नाही, ती कार्डावरचा आकडा बघते.

प्रश्नचिन्ह_विटा
आण्णा, आमच्या गल्लीतल्या पिग्मीवाल्याला कोणाच्या घरात कधी साखरपुडा आहे तेसुद्धा आधी कळतं 😄 इतका घरातला माणूस. त्याच्याकडं मशीनची पावती मागायलाच संकोच वाटतो.

सोसायटीवाले_आण्णा
मागायची. चांगला एजंट असेल तर तो स्वतःहून देतो.

कोरेगावकर
आण्णांच्या पोस्टवरून लिहावंसं वाटलं. माझ्या नात्यातला एक जण एका संस्थेत कारकून होता. चेअरमननं सांगितलं की अमुक नावानं व्हाउचर कर, निवडणूक झाली की पैसे परत भरू. यानं केलं. पैसे आले नाहीत. फिर्यादीत पहिलं नाव कारकुनाचं, दुसरं व्यवस्थापकाचं, चेअरमन साक्षीदार. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मला त्याची बाजू मांडायची नाही, त्यानं व्हाउचरवर सही केली हे खरं आहे. पण शिक्षा वाढवा म्हणताना ती कुणाला होते तेही बघा. खालच्या माणसाचा हात कागदावर असतो, वरच्याचा नसतो.

बेदाणा_तासगाव
कोरेगावकर, वाईट वाटलं वाचून. तरीही माझ्या मनात येतं की त्यानं ठेवीदाराचा विचार करायला हवा होता. तो ठेवीदार माझ्या आईसारखाच कुणीतरी असेल.

कोरेगावकर
मान्य. मी फक्त म्हणतोय की चेअरमन सुटू नये.

वकील_मिरज
कोरेगावकरांच्या मुद्द्यावर कायदा काय म्हणतो ते सांगतो.

'परत भरणार होतो' हा बचाव नाही. दंड संहितेच्या ४०३ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात लिहिलंय की थोड्या काळापुरता केलेला अपहारसुद्धा अपहारच. ते नव्या कायद्याच्या ३१४ मध्येही आहे. रक्कम नंतर भरली तर न्यायालय शिक्षा ठरवताना किंवा जामिनाच्या वेळी त्याचा विचार करतं, गुन्हा मात्र पुसला जात नाही. ४०९ तडजोडीनं मिटवताही येत नाही. गावात बसून 'मिटवून टाका' म्हणणाऱ्यांना हे सांगा.

चेअरमन आणि संचालकांना 'मी फक्त सही केली' म्हणून सुटता येत नाही, निदान पैशाच्या जबाबदारीतून तरी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम ८८ आहे. चौकशी अधिकारी संस्थेचं नुकसान कुणामुळं झालं ते ठरवतो आणि प्रत्येकाच्या नावावर रक्कम लावतो. ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे सातबाऱ्यावर बोजा. निवडून आल्यावर संचालक बंधपत्र लिहून देतात की कारभाराला आम्ही संयुक्त जबाबदार आहोत. त्या बंधपत्राची प्रत मागून घ्या.

ताळेबंद
वकीलसाहेब बरोबर, फक्त एक भर. त्याच सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे लेखापरीक्षकाला हिशेबातला गुन्हा दिसला तर त्यानं निबंधकांना विशिष्ट अहवाल द्यायचा आणि परवानगी घेऊन फिर्याद द्यायची, ही त्याच्यावरची जबाबदारी आहे. ठेवीदारांनी सनदी लेखापालाला दोष देत बसण्याऐवजी आधी विचारावं की विशिष्ट अहवाल गेला का आणि कोणत्या तारखेला. मी स्वतः लेखापरीक्षण करतो म्हणून सांगतो, लेखापरीक्षणात 'अ' वर्ग, म्हणजे सगळ्यात चांगला दर्जा, दिलेल्या संस्थेत पुढच्याच वर्षी अपहार निघाला तर मागच्या लेखापरीक्षकाचीही चौकशी झाली पाहिजे. आमच्या व्यवसायातले काही जण कार्यालयात बसून, चहा पिऊन, ताळेबंदावर सही करतात. त्यांच्यामुळं आम्हा सगळ्यांकडं बोट जातं.

प्रश्नचिन्ह_विटा
थोडं अवांतर. शेअर बाजारात गुंतवतो, महिन्याला १० टक्के देतो असं सांगून पैसे घेणारे आमच्याकडं खूप झालेत. गलाईवाल्यांचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी बाहेर गेलेल्या आमच्या लोकांचा, पैसा बाहेरच्या राज्यांतून गावाकडं येतो, तो असाच कुठंतरी जातो. यांना पण ४०९ च लागतं का?

वकील_मिरज
प्रश्नचिन्ह, त्याला फसवणूक म्हणजे जुनं ४२०, नवं ३१८(४), ७ वर्षांपर्यंत. शिवाय अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९. त्यात नुसती अशी योजना सांगत फिरणं हाही गुन्हा आहे, १ ते ५ वर्षं. पैसे घेतले तर २ ते ७ वर्षं. आणि फसवून परतफेड बुडवली तर ३ ते १० वर्षं, दंड ५ लाखांपासून गोळा केलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत. यात किमान शिक्षा लिहिलेली आहे हे महत्त्वाचं. लग्नकार्यात बसून 'माझ्याकडं एक स्कीम आहे' म्हणणारा पाहुणासुद्धा यात येतो.

प्रश्नचिन्ह_विटा
बापरे. दोन पाहुण्यांना हे वाचायला पाठवतो आत्ताच.

सुनंदा_कराड
बेदाणाचा तिसरा प्रश्न मागंच राहिला. पैसे कोणत्या वाटेनं येतात?

वकील_मिरज
ताई, त्याच्याकडंच येत होतो.

पतसंस्थेच्या ठेवीदारांसाठी सगळ्यात कामाचा कायदा म्हणजे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण अधिनियम १९९९. आपण त्याला एमपीआयडी म्हणतो. त्यातली शिक्षा वाचून लोक नाराज होतात, कारण ती ६ वर्षांपर्यंतच आहे आणि दंड १ लाखापर्यंत. पण या कायद्याचा जोर जप्तीवर आहे. सरकार अधिसूचना काढून संस्थेची आणि जबाबदार व्यक्तींची मालमत्ता जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमतं, सहसा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचा. विशेष न्यायालय जप्ती कायम करतं, मालमत्तेची विक्री होते आणि पैसे ठेवीदारांत वाटले जातात. मेव्हण्याच्या नावावर केलेला प्लॉट, बायकोच्या नावावरचा फ्लॅट हेही, व्यवहार प्रामाणिक नव्हता असं दिसलं तर, सुटत नाहीत. आणि खटला जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या विशेष न्यायालयात जातो, त्याच आरोपींवरची इतर कलमंही तिथंच चालवता येतात. मी आधी जी ३ वर्षांची मर्यादा सांगितली, ती अडचण तिथं राहत नाही.

म्हणून बेदाणा, फिर्यादीत एमपीआयडीचं कलम ३ लागलंय का ते आधी बघा. नसेल तर पोलीस अधीक्षकांकडं आर्थिक गुन्हे शाखेला लेखी अर्ज द्या, सगळ्या ठेवीदारांच्या सह्यांनी. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०७ सुद्धा आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकतं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ती रक्कम पीडितांना ६० दिवसांत वाटायची, अशी तरतूद आहे.

'दोन महिन्यांत बाहेर' या गावातल्या बोलण्याबद्दल : ४०९ मध्ये जन्मठेप आहे म्हणून दोषारोपपत्राला ९० दिवस मिळतात. तेवढ्यात ते दाखल झालं नाही तर आरोपीला जामीन हक्कानं मिळतो, न्यायालयसुद्धा अडवू शकत नाही. नुसतं ४०६, ४०८, ४२० लावलं असेल तर ६० दिवस. म्हणून कलमं कोणती लागली आणि तपास अधिकाऱ्याला कागद वेळेवर मिळाले का, यावर लक्ष ठेवा. कीर्द, खतावणी, संगणकाची हार्ड डिस्क पंचनाम्यात आली का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वाळव्याचा_पैलवान
वकीलसाहेब, येवढं सगळं आम्हाला कुणी ५ वर्षं आधी सांगितलं असतं तर.

ताळेबंद
जप्तीबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. जप्ती होते, पण विक्री अडते. प्लॉटवर आधीच बँकेचा बोजा असतो, लिलावात बोली लागत नाही, कुणीतरी हरकत घेतो. दरम्यान बंगल्याची दारं-खिडक्या चोरीला जातात. ठेवीदारांना सगळे पैसे मिळतील असं चित्र उभं करू नये. भाग मिळतो, टप्प्याटप्प्यानं.

वकील_मिरज
बरोबर. मी सगळे म्हणालो नाही. पण जप्ती उशिरा झाली तर तो भागही राहत नाही. गुन्हा दाखल झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात मोलाचे, कारण त्याच काळात मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर करणारी बक्षीसपत्रं दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवली जातात.

सोसायटीवाले_आण्णा
आणि कर्जदार विसरू नका. संस्थेचा मोठा पैसा कर्जात असतो. अपहार झाला की कर्जदार हप्ते थांबवतात, 'संस्थाच बुडली, आता कशाला भरू' म्हणून. प्रशासक आला की त्याच्यामागं लागून सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले काढून घ्या. ठेवी परत देण्यासाठी तो पैसा आरोपीच्या प्लॉटपेक्षा लवकर हाताशी येतो. गावातल्याच कर्जदारांना गावातल्याच ठेवीदारांनी घरी जाऊन सांगायचं. आमच्याकडं एका संस्थेत बायकांनी हे केलं होतं. रोज संध्याकाळी चार-पाच जणी थकबाकीदाराच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, काही बोलायच्या नाहीत, चहा दिला तर घ्यायच्या नाहीत. वसुली आली.

सुनंदा_कराड
आण्णा, हे वाचून उभारी आली.

कोरेगावकर
मूळ प्रश्नावर माझं मत सांगतो. जन्मठेपेची मागणी करण्यापेक्षा निकाल २ वर्षांत लागला पाहिजे आणि संचालकांच्या मालमत्तेची यादी निवडून आल्याच दिवशी निबंधकांकडं जमा पाहिजे, अशी मागणी करू. ३ वर्षांची शिक्षा लगेच झाली तरी पुढच्या माणसाच्या हाताला कापरं भरेल.

बेदाणा_तासगाव
सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. माझं मत अजूनही कडक शिक्षेचंच आहे, कारण हा माणूस तीन पिढ्यांच्या ओळखीचा होता आणि त्यानं आईला पावतीवर सही करताना 'काकी, निश्चिंत राहा' म्हटलं होतं. पण कोरेगावकर आणि ताळेबंद म्हणतात ते पटतं, निकालाला २१ वर्षं लागली तर त्या कडकपणाचा उपयोग नाही.

फिर्यादीची प्रत मिळवली. ४०९, ४२० आणि ४७७-अ आहे, एमपीआयडी नाही. सराफाचं नावही नाही. सोमवारी आम्ही ठेवीदार आधी सांगलीला पोलीस अधीक्षक कार्यालयात आणि तिथून जिल्हा उपनिबंधकांकडं जाणार आहोत. अर्जासोबत काय काय जोडू?

वकील_मिरज
प्रत्येक ठेवीदाराचं नाव, पावती क्रमांक, रक्कम, मुदत असा एकच तक्ता करा. पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ पावती कुणालाही देऊ नका, पोलिसांनी मागितली तर पंचनाम्याशिवाय नाही. अर्जात स्पष्ट मागणी लिहा : एमपीआयडी कलम ३ वाढवणं, सराफ आणि संचालकांची चौकशी, मालमत्तेच्या व्यवहारांवर बंदीसाठी दुय्यम निबंधकांना पत्र. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

सोसायटीवाले_आण्णा
आणि ठेवतारण कर्जाचा उतारा मागा, प्रत्येकानं स्वतःच्या नावाचा. आईंच्या पावतीवर कर्ज निघालंय का ते आधी बघून घ्या.

वाळव्याचा_पैलवान
मी सोमवारी सांगलीतच आहे, हळद घेऊन मार्केट यार्डात. काम झालं की अधीक्षक कार्यालयात येतो, कडकनाथवाल्या आमच्या लोकांचाही अर्ज तिथंच प्रलंबित आहे. किती वाजता येताय?

बेदाणा_तासगाव
साडेदहाला गेटवर. तासगावची पहिली एसटी पकडतोय सगळे.